आज्जाचा वस्तरा



आधी ही वस्तू बघून घ्या. कॅमेरा जरा जवळ येऊ दे. मिटलेला असला की हा एखाद्या काळ्या, लांबट शेंगेसारखा दिसतो. उघडला की असा. वस्तरा. माझ्या आज्जाचा, म्हणजे आजोबांचा. आमच्या बेळगावात आजोबांना आज्जा म्हणतात. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो आणि थोरल्या भावाला अण्णा. हे तिघेही आजच्या बोलण्यात येणार आहेत, म्हणून नाती आधीच सांगून ठेवली.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. माझी ओळख करून देताना तोफखान्यातली एकतीस वर्षं, कर्नल म्हणून निवृत्ती, आता बंगळुरात मारतहळ्ळीत मुक्काम, असं सगळं आलं. त्यात एक राहिलं. माझा आज्जा न्हावी होता, आप्पा न्हावी होते, अण्णाही न्हावी आहे आणि त्याचं दुकान अजून चालतं. वाक्य साधं आहे. पण एकतीस वर्षांत कुठल्याही मेसमध्ये ते माझ्या तोंडून निघालं नाही. त्याकडे मी येणार आहे. आधी गंजाचं बोलू.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. दिवसकार्य झाल्यावर आम्ही दोघा भावांनी माळ्यावरची ट्रंक उघडली. तळाशी आप्पांची धोकटी होती. धोकटी म्हणजे न्हाव्याची हत्यारांची पिशवी. आत दोन कात्र्या, नखं काढायची नऱ्हाणी, एक पितळी वाटी आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेला हा वस्तरा. फडकं पात्याला चिकटून बसलं होतं. पातं अर्धं काळं, अर्धं तांबूस. टोकाजवळ धारेला जोंधळ्याच्या दाण्याएवढी खाच. शिंगाची मूठ कोरडी पडून फाकलेली.

अण्णा म्हणाला, "तू घेऊन जा. माझ्या दुकानात आता ब्लेड बदलायचा वस्तरा चालतो. हा मला काय करायचा?" ते खरंच आहे. नव्वदच्या दशकात एचआयव्हीची भीती पसरली तेव्हापासून गिऱ्हाईक समोर नवं ब्लेड घातलेलं बघितल्याशिवाय मान पुढे करत नाही, आणि ते योग्यच आहे. एकच पातं दहा जणांना लावायचे दिवस गेले.

मी तो घेऊन मारतहळ्ळीला आलो. मुलगी इथल्या एका आयटी कंपनीत आहे, तिच्याजवळ राहावं म्हणून आम्ही पाचव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. खाली रिंग रोड चोवीस तास वाहतो. प्रवासी विमानं २००८ साली देवनहळ्ळीला गेली, पण जुन्या एचएएल विमानतळावरून लढाऊ विमानं अजून उडतात. इथले लोक गावाच्या नावाच्या दोन-तीन कथा सांगतात. कुणी म्हणतं, मराठ्यांची हळ्ळी. कुणी सांगतं, एचएएलने बनवलेल्या 'मारुत' विमानावरून नाव पडलं. मारुतचं पहिलं उड्डाण जून १९६१ मधलं. कथा कुठलीही खरी असो, मला दोन्ही आवडतात, एक मराठी म्हणून आणि एक फौजी म्हणून.

तर कामाला लागलो. फौजेत शिकवतात, पुढे जाण्याआधी टेहळणी करा. म्हणून पहिला आठवडा मी फक्त भिंग घेऊन बघत बसलो. हे तुम्हालाही सांगेन. जुनं पोलाद हातात आलं की पहिला मोह होतो तो घासायचा. तो आवरा. आधी पात्याला कुठे तडा आहे का ते बघा. तडा असला तर तो वस्तरा काचेच्या कपाटात ठेवा, गालावर नको.

पातं जिथे मुठीत शिरतं तिथे ठसे दिसले. एक चांदणी आणि एक क्रूस. त्याखाली जोसेफ रॉजर्स अँड सन्स, शेफिल्ड. ही इंग्लंडमधली नावाजलेली कंपनी, तिचा माल हिंदुस्थानात भरपूर यायचा. नावाखाली "कटलर्स टू हिज मॅजेस्टी", म्हणजे राजेसाहेबांचे सुरी-कात्री बनवणारे. शेवटी "इंग्लंड".

आमच्या घरात आई सांगायची की हा वस्तरा राणीच्या काळातला, आज्जाच्याही वडिलांचा. आता हिशेब करा. अमेरिकेने १८९० साली जकातीचा कायदा केला. बाहेरून येणाऱ्या मालावर बनवणाऱ्या देशाचं नाव हवं, असं त्यात होतं. तेव्हापासून शेफिल्डच्या मालावर "इंग्लंड" हा शब्द सर्रास दिसू लागला. आणि "हिज मॅजेस्टी" म्हणजे गादीवर राजा. व्हिक्टोरिया राणी वारली जानेवारी १९०१ मध्ये. दोन्ही धागे जोडले की वस्तरा १९०१ नंतरचा निघतो. म्हणजे राणीचा नाही, पणजोबांचा नाही, आज्जाचाच. मला आनंद झाला. वाटलं, या वस्तूचं खरं आपल्याला कळलं. ठसा जपायचा म्हणून मी त्यावर चिकटपट्टी लावून टाकली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सामान आणायला जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. माझं कानडी बेळगावचं, त्यामुळे थोडं चालतं. मालकांना वस्तरा दाखवला. त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "उक्कु चांगलं आहे, तुक्कु जास्त आहे." कानडीत उक्कु म्हणजे पोलाद आणि तुक्कु म्हणजे गंज. एका अक्षराचा फरक. दोन शब्दांत त्यांनी माझं पुढच्या तीन महिन्यांचं काम सांगून टाकलं.

या उक्कुची एक गोष्ट आहे. दख्खनच्या पठारावर, आजच्या कर्नाटक, तेलंगण, तमिळनाडूच्या भागात शेकडो वर्षं मुशीत वितळवून पोलाद बनत असे. परदेशात त्याला 'वुट्झ' म्हणायचे, आणि तो शब्द उक्कुवरूनच आला असं मानतात. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीत या पोलादावर निबंध वाचला. लंडनमध्ये जेम्स स्टोडार्ट नावाचे कारागीर होते, वस्तरे आणि शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारे. त्यांना वुट्झचं वेड होतं. त्यांनी मायकेल फॅरडे यांना बरोबर घेऊन साधारण १८१९ पासून पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहायचे प्रयोग केले. होय, तेच विजेचे फॅरडे. त्या प्रयोगांच्या मुळाशी आपल्याकडचं पोलाद कसं बनतं हा प्रश्न होता. म्हणजे शेफिल्डच्या वस्तऱ्याची बंगळुराशी ओळख अगदीच नवी नाही.

मी मालकांकडून वॉटर पेपर घेतला, ४०० नंबरपासून २००० पर्यंत. शिवाय पातळ तेलाची बाटली आणि ब्रासोचा डबा. ब्रासो बघून हसू आलं. कॅडेट असताना पट्ट्याचं बक्कल आणि बिल्ले चमकवण्यात किती डबे संपवले असतील.

घरी येता येता पुलाजवळ सायकलच्या चाकावर सुऱ्यांना धार लावणारा एक माणूस दिसला. म्हटलं, विचारून बघू. त्याने वस्तरा उघडला, प्रकाशात धरला, परत मिटला आणि माझ्या हातात दिला. "साब, ये मेरे चाक का काम नहीं. जल जाएगा." पन्नास रुपये सोडले त्याने, पण वस्तरा वाचवला. ते का, हे समजून घ्या. वस्तऱ्याचं पोलाद तापवून, विझवून, पुन्हा हलकं तापवून कडक केलेलं असतं. धारेजवळ ते इतकं पातळ असतं की फिरत्या चाकाला टेकताच क्षणात तापतं. साधारण दोनशे अंशांच्या वर गेलं की कडकपणा उतरायला लागतो, आणि पोलाद निळं दिसलं म्हणजे तीनशेच्या आसपास जाऊन आलं. मग कितीही धार लावा, टिकत नाही. म्हणून ड्रिल मशीन, ग्राइंडर, काही नको. हात आणि धीर.

पहिले दोन दिवस पातं तेलात भिजवलं. तांबडा गंज सुटतो तो खरा शत्रू, कारण तो पोलाद खात राहतो. काळसर डाग मात्र वयाचा असतो. तो पुष्कळदा गंजाला अडवून धरतो, त्याला हात नाही लावला तरी चालतं. मग पातं बुचाच्या लाकडावर आडवं ठेवून पाठीकडून धारेच्या दिशेने, धारेपलीकडे बोट न जाऊ देता, वॉटर पेपर फिरवायचा. ४०० ने सुरुवात, मग ६००, ८००, असं वर. एक नंबर पुरता झाल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही, नाहीतर आधीचे ओरखडे शेवटी चमकेतून वर येतात. रोज संध्याकाळी एक तास. बायको म्हणाली, "लष्करात असताना घरात बशी विसळली नाहीत, आणि आता बघा."

पातं झालं. मग मूठ. ती म्हशीच्या शिंगाची आहे. शिंग म्हणजे नखासारखंच. कोरडं पडलं की फाकतं, तेल दिलं की हळूहळू बसतं. मुठीवर ओरखडे होते, खडबडीतपणा होता. ८०० च्या पेपरने सगळं सपाट केलं, २००० पर्यंत नेलं, खोबरेल तेल लावून आठवडाभर ठेवलं. आरशासारखी झाली. बघा ना, अजून दिसतेय. मला फार अभिमान वाटला होता.

मग धार. इथे थोडं थांबतो, कारण या वस्तूतली सगळ्यात हुशारीची गोष्ट इथे आहे. सुरीला धार लावताना कोन आपल्याला हाताने धरावा लागतो. वस्तऱ्याला नाही. वस्तरा दगडावर पूर्ण आडवा ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या. जाड पाठ आणि पातळ धार यांच्यातून कोन आपोआप ठरतो, साधारण १६ ते १८ अंशांचा. आणि दर वेळी दगडावर पाठही थोडी झिजते, धारही थोडी झिजते, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या कोन जवळजवळ तोच राहतो. ज्याने कुणी ही रचना शोधली त्याला माझा सलाम.

तीन दगड घेतले, १०००, ४००० आणि ८००० नंबरचे. टोकाची खाच जाईपर्यंत १००० वरच बारा संध्याकाळी गेल्या. जोर द्यायचा नाही, पात्याचं वजन पुरतं. दगडाच्या टोकाला गेलं की पाठीवर उलटवायचं, धारेवर कधीच नाही. ८००० नंतर चामड्याचा पट्टा. त्यावर उलट्या दिशेने ओढायचं, पाठ पुढे आणि धार मागे. हे मला तोंडपाठ होतं. लहानपणी हजार वेळा बघितलेलं. तरी तिसऱ्याच दिवशी घाईत धारेवर उलटवलं आणि नवा पट्टा हातभर चिरला. आप्पा असते तर टपली बसली असती.

त्या दिवसांत एकदा मी पात्याची रुंदी मोजली. अशा वस्तऱ्यांची मापं इंचाच्या आठव्या भागात सांगतात. सर्रास मिळायचा तो सहा अष्टमांशाचा, म्हणजे साधारण १९ मिलिमीटर. हा भरला १५. पाठीवरही दोन्ही बाजूंनी चपटा, रुंद पट्टा झिजलेला आहे. म्हणजे चार मिलिमीटर पोलाद दगडावर गेलं. एका वेळी दिसतही नाही इतकं जातं, तसं करत करत चार मिलिमीटर. आज्जाचा संसार त्यातून झाला, आप्पांचा झाला. माझी शाळेची फी, कॉलेजची फी, एनसीसीच्या कॅम्पचे पैसे त्यातूनच गेले. अण्णाची फी गेली नाही, कारण त्याला सातवीतून काढून दुकानात बसवलं होतं. मी शिकावं म्हणून.

वस्तरा तयार झाला तेव्हा मी अण्णाला फोन केला. म्हटलं, ये आणि बघ. तो एकाहत्तर वर्षांचा आहे, पण रात्रीच्या गाडीने आला. सकाळी चहा झाल्यावर मी मखमली पेटीतून वस्तरा काढून त्याच्या हातात दिला. मला शाबासकी हवी होती, खोटं कशाला बोलू.

त्याने आधी धार बघितली. आपल्याच डोक्याचा एक केस उपटून धारेवर सोडला, केस तुटला. मान हलवली. मग वस्तरा मिटला आणि मुठीवर अंगठा फिरवायला लागला. एकदा, दोनदा. चष्मा लावला. खिडकीपाशी गेला. म्हणाला, "आज्जाच्या तीन खाचा कुठं गेल्या रे?"

मी म्हटलं, "कुठल्या खाचा?"

"मुठीच्या बुडाला. दोन सरळ आणि एक तिरकी."

मला आठवलं. होत्या. मला ते ओरखडे वाटले होते. ८०० च्या पेपरने दहा मिनिटांत गेले होते.

अण्णा खाली बसला. त्याला राग येत नाही पटकन. म्हणाला, "आज्जाला लिहायला येत न्हवतं. पलटणीत सगळ्यांची हत्यारं एकत्र पडायची. आपलं कुठलं कळावं म्हणून त्यानं खाचा केल्या होत्या. कात्रीवर पण आहेत, वाटीवर पण आहेत. ती त्याची सही होती." मग त्याने पाती उघडली, तो ठसा बघितला, आणि म्हणाला, "इंग्रजाचं नाव ठेवलास आणि आज्जाचं पुसलास की रे."

मंडळी, त्या ठशावर मी चिकटपट्टी लावली होती. शेफिल्डच्या कंपनीचं एक अक्षर झिजू दिलं नाही. तो ठसा मला वाचता येत होता, म्हणून तो माझ्या दृष्टीने इतिहास. खाचा मला वाचता येत नव्हत्या, म्हणून तो कचरा. मी पदवीधर माणूस. भिंग लावून आठवडाभर बघितलं, अमेरिकेचा कायदा शोधला. पण ज्याच्या डोळ्यांदेखत हा वस्तरा तीस वर्षं चालला, त्या भावाला एक फोन केला नाही.

आज्जाबद्दल थोडं सांगतो. पहिल्या महायुद्धात तो एका मराठा पलटणीबरोबर मेसोपोटेमियात गेला होता, आजच्या इराकमध्ये. लढणारा शिपाई म्हणून नाही, तर 'फॉलोअर' म्हणून. भिस्ती, धोबी, न्हावी, मोची, आचारी, या सगळ्यांना फौजेत हे नाव होतं. पगार शिपायापेक्षा कमी, हातात बंदूक नाही, पण उष्मा, कॉलरा आणि गोळे सगळ्यांना सारखेच. एप्रिल १९१६ मध्ये कूटला इंग्रजांची फौज शरण गेली, त्यात मराठा पलटणी होत्या. आज्जा त्यानंतरच्या भरतीत गेला आणि मार्च १९१७ मध्ये बगदाद पडलं तेव्हा तिकडेच होता. परत आला हे नशीब. बसऱ्याला त्या लढाईतल्या मृतांचं स्मारक आहे. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचे पलटणवार नुसते आकडे. शिपायांची ही गत, तर फॉलोअरची काय असणार? तिथे माणसाला आपली खूण आपणच करून ठेवावी लागते. आज्जाने ती शिंगावर केली होती.

शाळेत आम्हाला प्रतापगडावरच्या जिवा महालाचं शौर्य शिकवलं, तो जातीने नाभिक होता हे बेंचवरची पोरं चेष्टेत सांगायची. मला दुसरी एक गोष्ट कुणी शिकवली नाही, ती मी फार उशिरा वाचली. १८९० च्या सुमाराला मुंबईत 'दीनबंधु'चे संपादक, गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा झाली, आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं शेकडो न्हाव्यांनी ठरवलं. सुधारक लेख लिहीत होते, व्याख्यानं देत होते. या माणसांनी फक्त वस्तरा खाली ठेवला. त्यासाठी रोजचं उत्पन्न सोडलं. हे मला विसाव्या वर्षी माहीत असतं, तर कदाचित पुढचं घडलं नसतं.

पुढचं म्हणजे हे. १९८३ मध्ये मला कमिशन मिळालं. युनिटमध्ये पहिल्याच आठवड्यात एकाने सहज विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हटलं, "बेळगावला मराठा सेंटरमध्ये आहेत." आप्पा तेव्हा खरोखरच तिथे कामाला होते. समोरच्याने समजून घेतलं की जेसीओ किंवा कारकून असतील. मी दुरुस्त केलं नाही. खोटं नव्हतं, म्हणूनच सोयीचं होतं. त्या एका उत्तरावर मी एकतीस वर्षं काढली.

आणखी काही वर्षांनी, उत्तर सीमेवर बारा हजार फुटांवर एका हिवाळ्यात मला ताप आला होता. दाढी करायची ताकद नव्हती, म्हणून युनिटचा न्हावी बंकरमध्ये आला. त्याने साबण लावला, आणि त्याचा हात यायच्या आधीच माझी मान वळली, गाल आतून जिभेने फुगला, वरचा ओठ ताणला गेला. घरात दाढी करून घेतलेल्या पोराचा चेहरा असतो तो, आपोआप चालतो. त्याचा हात क्षणभर थांबला. म्हणाला, "साहेब, आपके घर में कोई ये काम करता है क्या?"

मी म्हटलं, "नहीं."

"जी साहेब," म्हणाला आणि दाढी पुरी केली. त्याला कळलं होतं. मलाही कळलं होतं की त्याला कळलंय. लढाईच्या काळात मी काही निर्णय घेतले त्यांचा मला पश्चात्ताप नाही. त्या एका "नहीं"चा आहे.

हे सगळं मी त्या सकाळी अण्णाला सांगितलं. पहिल्यांदाच. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आप्पांना ठाऊक होतं." मी गप्प. "तुझ्या लग्नाला तुझे साहेब लोक आले होते न्हवं? आप्पांनी मला आधीच सांगितलं, कोण इचारलं तर सेंटरमध्ये आहे एवढंच म्हणायचं. पोराची अडचण नको." मग बराच वेळ आम्ही दोघं गॅलरीत नुसते बसून होतो. खाली रिंग रोडवर हॉर्न वाजत होते.

मी विचारलं, "खाचा परत करू का? कात्रीवरच्या बघून?" तो म्हणाला, "नको. ती तुझी नक्कल होईल. त्यापरीस लिहून ठेव." म्हणून या पेटीत आता एक कागद आहे. त्यावर आज्जाचं नाव, आप्पांचं नाव, अण्णाचं नाव, प्रत्येकाने वस्तरा किती वर्षं चालवला ते, आणि खाली खाचांचं चित्र. दोन सरळ, एक तिरकी. चित्र अण्णाने काढलंय. कात्री आणि वाटी जशा होत्या तशाच ठेवल्यात, गंजासकट. त्यांना मी तेलाचा हात लावतो, बाकी काही नाही.

आता तुमच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. तुमच्याही घरात असं काही असेल, वस्तरा नाही तर अडकित्ता असेल, विळी असेल, सुताराचा रंधा असेल. पहिली गोष्ट, घासण्याआधी फोटो काढा, सगळ्या बाजूंनी. दुसरी, ती वस्तू ज्यांनी वापरताना पाहिली असं जे माणूस हयात असेल त्याच्या हातात आधी ती द्या आणि ते काय बोलतं ते ऐका. पॉलिशचा डबा नंतर उघडा. तिसरी, गंज काढा, झीज काढू नका. गंज हवेने केलेला असतो, झीज हाताने. चौथी, जुन्या वस्तऱ्याने दाढी करायची असेल तर तो फक्त एकाच माणसाचा ठेवा, पोलाद स्टेनलेस नसतं म्हणून दर वेळी कोरडा पुसा आणि तेलाचा एक थेंब फिरवा. एक रात्र ओला राहिला तरी तुक्कु हजर.

जायच्या आदल्या दिवशी अण्णा म्हणाला, "बस." गॅलरीत खुर्ची टाकली, टॉवेल गळ्याला बांधला, गरम पाणी मागवलं. आप्पांच्या पितळी वाटीत साबण केला. मी त्याच्या हातून दाढी करून घेतलेली नव्हती कधी. मी कॉलेजात गेलो तेव्हापासून स्वतःची स्वतः करायचो, सेफ्टी रेझरने, दार लावून. त्याने पट्ट्यावर वस्तरा ओढला, तोच आवाज, चट् पट्, चट् पट्. माझी मान आपोआप वळली, गाल फुगला. तो हसला, म्हणाला, "हे तरी इसरला न्हाईस."

झाल्यावर मी विचारलं, "धार कशी आहे?"

"आप्पांच्यापेक्षा कमी," तो म्हणाला. "पण लागंल हळूहळू."

एवढंच सांगायचं होतं.